शंभर किलोवॅटच्या खाली
सोलापूरहून धुळ्याकडे जाताना बीडच्या अलीकडे चौसाळा लागतं. मे महिन्यातल्या दुपारी तिथल्या एखाद्या पत्र्याच्या दुकानात घटकाभर बसून पाहा. डोक्यावरचा पंखा वारा नाही, वाफ फेकतो. यावर नियम नाहीत असं नाही: दिल्लीत 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2007 मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी संहिता आली, 2018 मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’. छतातून किती उष्णता आत यावी, याचीही त्यात मर्यादा आहे. उत्तम! पण 2022 च्या दुरुस्तीनंतरही कायद्याचा हात पोचतो तो 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त वीज जोडभार असलेल्या इमारतींपर्यंतच. इथल्या साध्या घराचा भार एक-दोन किलोवॅट. म्हणजे ज्याचं डोकं तापतं, तोच कायद्याबाहेर. जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर दिलेलं माळवद बांधणाऱ्यांनी ही संहिता न वाचताच पाळली होती. (ते पावसाळ्यात गळायचं, आणि 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर त्याची धास्तीही बसली, ती रास्तच होती.) भाराची ही अट खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे. तो वापरला जाईल तेव्हा जाईल. तोवर उन्हाळ्याआधी आपल्या स्लॅबवर चुन्याचे दोन हात तेवढे मारून घ्या.