'फेक' म्हणून मोकळा झालो

१० डिसेंबर २०२२. साडेआठची मॅच, मोरोक्को विरुद्ध पोर्तुगाल. ऑफिसच्या लॅपटॉपवर बिल्ड चालू, शेजारी मोबाईलवर मॅच. ४२व्या मिनिटाला एन-नेसिरीने उंच उडी घेत हेडर मारला आणि मी असा ओरडलो की अम्मी किचनमधून धावत आली. वर्ल्डकपच्या सेमीफायनलला पोहोचणारा पहिला आफ्रिकी संघ, पहिला अरब संघ! मॅचनंतर बूफाल मैदानातच आईसोबत नाचला. कॉलेजच्या ग्रुपवर रात्रभर तोच व्हिडिओ.

त्या दिवसांत ग्रुपवर बातम्याही खूप फिरल्या. मोरोक्कोच्या खेळाडूंनी शहादतचं बोट वर केलं, तर एका जर्मन वाहिनीने त्याचा संबंध थेट आयसिसशी जोडला. डेन्मार्कच्या एका वाहिनीवर आईला मिठी मारणाऱ्या खेळाडूंच्या चर्चेत माकडांचा फोटो दाखवला. नंतर माफी मागावी लागली. बीबीसीने उद्घाटन सोहळा मुख्य वाहिनीवर दाखवलाच नव्हता. हे पकडायला आपल्याला वेळ लागत नाही. कुठे स्फोट झाला की आधी पकडलेल्याचं नाव काय ते बघत आपण मोठे झालोय.

पण याच सवयीने माझी गफलत केली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये 'द गार्डियन'ने बातमी दिली होती : यजमानपद मिळाल्यापासून कतारमध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेचे ६,५००हून जास्त कामगार मरण पावले. पुढे 'स्टेडियम बांधताना ६,५०० मेले' असा तो आकडा जगभर फिरला. मूळ बातमीत तसं नव्हतं. ते सगळ्या कारणांनी झालेले, सगळ्या कामांतल्या लोकांचे मृत्यू होते. मी ग्रुपवर 'फेक' लिहिलं आणि मोकळा झालो.

बग रिपोर्ट चुकीचा लिहिलाय म्हणून बग नाही असं होत नाही, हे मी ज्युनियर पोरांना रोज सांगतो. मूळ बातमी मात्र मी वर्ल्डकप संपल्यावर वाचली. त्यात भारताचे २,७११ होते. कित्येकांच्या कागदावर कारण 'नैसर्गिक' एवढंच. वर्ल्डकप चालू असतानाच कतारच्या आयोजन समितीचे प्रमुख हसन अल-थवादी एका मुलाखतीत मृत्यूंचा आकडा ४०० ते ५०० सांगून गेले होते. त्याआधी स्टेडियमच्या कामावर झालेले मृत्यू फक्त तीन सांगितले जात.

आणि ते लोक कोण? माझे मामू रत्नागिरीकडचे, सहा वर्षं दोहात सेंट्रिंगच्या कामावर होते. पोर्तुगालच्या मॅचनंतर मी त्यांना फोन केला होता, पण मुबारकबाद द्यायला. ते कसे राहत होते, पासपोर्ट कुणाकडे असायचा, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

वाहिन्या आपल्याबद्दल वाईट बोलल्या हे खरंच आहे. पण आपला राग संघासाठी होता आणि तो आपण यजमानालाही देऊन टाकला. टीका झाली म्हणूनच कतारला नोकरी बदलण्यासाठीची मालकाच्या परवानगीची अट २०२० मध्ये काढावी लागली, किमान वेतन आणावं लागलं. त्या टीकेत आपला आवाज जवळजवळ नव्हता.

११ डिसेंबर २०२४ ला फिफाने २०३४ चा वर्ल्डकप सौदीला दिला. ग्रुपवर लगेच झेंडे, हार्ट. मामेभाऊ सेफ्टीचा कोर्स करतोय, रियाधला जायचं म्हणतो. एजंटने दिलेला करार अरबी आणि इंग्रजीत आहे, सही अजून केलेली नाही. तो मी मागवून घेतलाय, या रविवारी मामूंसोबत बसून वाचणार आहोत.