शून्य कुठे आहे?

विधानसभेच्या निकालाच्या दिवशी टीव्हीवर महाराष्ट्राचा रंगीत नकाशा झळकतो. त्यात गडचिरोली नजरेत भरतं आणि मुंबई शोधावी लागते. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, जागा ३. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून जेमतेम ६०० चौरस किलोमीटर, पण जागा ३६. नकाशा जमीन दाखवतो आणि आपण त्यात मतं वाचतो. २८८ मतदारसंघांचे सारख्या आकाराचे चौकोन मांडले, तर राज्याचा आकार थोडा बिघडेल, पण निकाल नीट कळेल.

यंदा अंकाचा विषय ‘आकड्यांची चित्रं’ ठरला, तेव्हा ‘सणासुदीला गणित कशाला?’ असं स्नेह्यांनी विचारलंच. त्यांना स्तंभालेखाची जन्मकथा सांगितली. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडनमध्ये व्यापाराच्या आलेखांचं पुस्तक काढलं. जिथे वर्षानुवर्षांचे आकडे होते, तिथे त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडचे आकडे मात्र एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा काढणार कशी? मग त्याने स्कॉटलंडचा ज्या ज्या देशाशी व्यापार होता, त्या प्रत्येकासाठी पट्ट्या काढल्या. त्याच्या लेखी ही दुय्यम प्रतीची सोय होती. आज तिच्याशिवाय एकही वर्तमानपत्र निघत नाही.

पट्टीचा अर्थ तिच्या लांबीत असतो, म्हणून ती शून्यापासूनच निघायला हवी. ४८ आणि ५२ टक्क्यांच्या पट्ट्या ४५ पासून सुरू केल्या, की दुसरी पहिलीच्या दुपटीहून उंच दिसते. आकडे खरे आणि चित्र थापाडं! जाहिरातवाल्यांना ही युक्ती ठाऊक आहे. आम्हा छापणाऱ्यांना ती ठाऊक नसावी, असं मानण्याइतके वाचक भाबडे नाहीत. रेषेची गोष्ट वेगळी. तिथे आपण चढउतार पाहतो. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला, तर रोग्याचा ताप दिसणारच नाही.

शाळेत मुलांकडून स्तंभालेख काढून घेतात, रंगवूनही घेतात. दुसऱ्याने काढलेल्या आलेखाची उलटतपासणी मात्र कुणी शिकवत नाही. परीक्षेत त्याला गुण नसावेत.

या अंकातला प्रत्येक स्तंभालेख शून्यापासून सुरू होतो, आणि प्रत्येक नकाशाखाली रंग काय मोजतो ते लिहिलं आहे. कुठे तसं आढळलं नाही, तर पान क्रमांकासह पत्र पाठवा. पुढच्या अंकात ते छापू.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक