व्हीफॅट बंद करण्याआधी
मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि कामकाज विस्कळीत झाले. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी या औद्योगिक वसाहती याच महामंडळाच्या. अशा घटनेनंतर पासवर्ड आणि बॅकअपची चर्चा होते, ती हवीच. न लागणाऱ्या फाइल सिस्टिम बंद करण्याचा विषय मात्र मागे राहतो.

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवरची माहिती मांडण्याची पद्धत. लिनक्सच्या कर्नलला अशा कितीतरी पद्धती येतात. क्रॅमएफएस छोट्या उपकरणांसाठीची, एचएफएस जुन्या मॅकची. करवसुलीच्या सर्व्हरवर त्यांचे काय काम? तरीही तशी डिस्क जोडण्याचा प्रयत्न झाला, की कर्नल त्या पद्धतीचा कोड असलेले मॉड्यूल आपणहून चढवतो आणि फारसा कुणी न वापरलेला जुना कोड कर्नलच्या पूर्ण अधिकाराने चालू लागतो. नोव्हेंबर 2006 मध्ये सुरक्षा संशोधकांनी महिनाभर कर्नलमधल्या चुका जाहीर केल्या. मुद्दाम बिघडवलेली डिस्क-प्रतिमा जोडताच कर्नल कोसळावा, अशा चुकाही त्यांत होत्या.

उपाय एका ओळीचा आहे. मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या फाइलमध्ये लिहायचे, की क्रॅमएफएस मागितले तर त्याऐवजी 'फॉल्स' हा नुसता अपयश कळवणारा प्रोग्रॅम चालव. चाळीस सर्व्हरवर ही ओळ हाताने लिहिली, तर दोन-चार सुटणारच. म्हणून अ‍ॅन्सिबल किंवा पपेट, म्हणजे एकच बदल सगळ्या सर्व्हरवर पोहोचवणारी साधने.

पण याच साधनांनी चूकही चाळीस ठिकाणी पोहोचते. सीआयएस बेंचमार्क या सुरक्षा-नियमावलीच्या जुन्या आवृत्त्यांत बंद करायच्या फाइल सिस्टिमच्या यादीत व्हीफॅटही होते. यूईएफआय फर्मवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरचे, बूटसाठी लागणारे ईएफआय विभाजन नेमके त्याच पद्धतीचे असते. व्हीफॅट बंद केले तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. मॉड्यूल आधीच चढलेले असते. तीन महिन्यांनी अपडेटसाठी रीबूट केला, की ते विभाजन जोडले जात नाही आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकते. तोवर यादी कुणी लावली होती, हेही विस्मरणात गेलेले असते. उबुंटूवर स्क्वॉशएफएस बंद केले, तर स्नॅप पॅकेजेस अडतात.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे: आधी प्रत्येक सर्व्हरवर काय जोडलेले आहे ते पाहा. मग एकाच मशीनवर बदल करा आणि ते लगेच, दिवसाउजेडी, माणसे हजर असताना रीबूट करा. आणि यादीतून व्हीफॅट वगळले असेल, तर त्याच ओळीशेजारी कारण लिहून ठेवा: ईएफआयसाठी लागते.