साधेपणा म्हणजे गबाळेपणा नव्हे

सकाळी सहाच्या सुमारास रहाटणी फाट्यावर थोडा वेळ उभे राहावे. चाकणकडे, भोसरीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या येतात आणि करड्या, निळ्या गणवेशातील माणसे त्यांत चढतात. गणवेश धुतलेला, इस्त्रीचा. खिशावर कंपनीचे नाव, पायांत जाड बूट. दोन-तीन तासांनी दुसरा लोंढा निघतो, तो हिंजवडीचा. गळ्यात ओळखपत्राची रंगीत पट्टी, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. हीच माणसे रविवारी संध्याकाळी कोकणे चौकात भाजी घ्यायला येतात, तेव्हा कोण कुठला हे ओळखणे कठीण होते. ज्या परदेशी विद्यापीठात कधी पाऊल ठेवले नाही, त्याचे नाव छातीवर छापलेला टी-शर्ट, खाली गुडघ्यावर मुद्दाम फाडून विकलेली जीन किंवा बर्म्युडा, पायांत रबरी चपला. गणवेशाची काळजी कंपनी घेते. उरलेल्या वेळेची काळजी कुणीच घेत नाही, असे हे दृश्य असते.

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरली जाते. चांगले कपडे घालणारा तो छानछोकीचा, आणि विचारी माणसाने कपड्यांकडे लक्ष देऊ नये, असा एक समज मध्यमवर्गीय घरांत, त्यातही सामाजिक कामात असलेल्या घरांत, फार खोलवर रुजला आहे. दुसऱ्या टोकाला, नीटनेटके दिसायचे तर दर महिन्याला नवी खरेदी हवी, हे बाजाराने तरुणांच्या मनावर ठसवले आहे. वरवर पाहता ही दोन टोके परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोघांचा गैरसमज एकच आहे. चांगला पोशाख म्हणजे महागडा पोशाख, असे दोघेही धरून चालतात. रंगाचा मेळ, मापाचे भान आणि एकावर एक वस्त्र घेण्याची रीत या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, नजर लागते. ती नजर मराठी घरात दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत होती.

संघाच्या स्वयंसेवकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गणवेश नीट असावा, टोपी सरळ असावी, पट्टा घट्ट असावा, हे शाखेत लहानपणीच कळते. हा गणवेशही काळाबरोबर बदलला आहे. सुरुवातीचा खाकी सदरा जाऊन पांढरा आला आणि २०१६ च्या विजयादशमीपासून खाकी अर्ध्या चड्डीची जागा तपकिरी पूर्ण विजारीने घेतली. त्या वेळी बाहेरच्यांनी टिंगल केली, आतल्या काही ज्येष्ठांना हुरहुर लागली, पण काम तसेच पुढे चालू राहिले. संचलनाच्या आदल्या रात्री सदऱ्याची घडी तपासणारा तोच कार्यकर्ता एरवी मात्र चुरगळलेला सदरा, ओघळलेली विजार आणि टाचा झिजलेल्या चपला घालून संपर्काला बाहेर पडतो. आजच्या रहाटणीत, पिंपळे सौदागरात संपर्क म्हणजे चौदा मजली सोसायटीचे फाटक, पहारेकऱ्याची वही आणि मग अनोळखी दार. दार उघडणाऱ्या वहिनींना विचार ऐकू येण्याआधी माणूस दिसतो. पहिल्या दोन मिनिटांत दार मिटले तर पुढचे बौद्धिक ऐकणार कोण? ‘माझ्या कपड्यांकडे काय बघता, काम बघा’ हे वाक्य बाणेदार खरे. पण त्यात समोरच्याच्या घराविषयीचा आदर थोडा कमी पडतो.

कपड्यांचा विचार क्षुल्लक असता, तर पुण्यात ७ ऑक्टोबर १९०५ रोजी विदेशी कापडाची होळी झाली नसती. त्या होळीसाठी तरुण सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि फर्ग्युसनच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, हे या पानांच्या वाचकाला ठाऊक आहे. त्याच वर्षी ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये स्वदेशीचा पुकारा झाला होता. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो. होळीची कथा वारंवार सांगितली जाते. जाळल्यानंतर अंगावर काय घालायचे, या प्रश्नाकडे मात्र सहसा कुणी वळत नाही, आणि स्वदेशीची खरी परीक्षा तिथेच होती. जाडेभरडे कापड रोज आनंदाने वापरायचे तर ते शोभलेही पाहिजे.

शोभण्याचे शास्त्र शिकायला परदेशी मासिके चाळायची गरज नाही. घरातल्या ट्रंकेत तळाशी एखादे इरकल असेल, ते काढून पाहावे. अंगाचा रंग बहुधा गडद: निळा, हिरवा, अंजिरी, नाही तर काळा. काठ लाल किंवा आमसुली. पदर लाल, त्यावर पांढऱ्या रेघा. म्हणजे एक रंग भरपूर, दुसरा बेताचा आणि तिसरा नावापुरता. आज पोशाखाचे अभ्यासक्रम जे प्रमाण पैसे घेऊन शिकवतात, ते इळकलच्या विणकराने मागावर कधीच बसवून ठेवले आहे. अंग सुती, पदर रेशमी, आणि दोन्हींचे ताणे मागावरच एकमेकांत अडकवून केलेला सांधा! सुताचा टिकाऊपणा आणि रेशमाची झळाळी एकाच वस्त्रात आणताना खर्चही आटोक्यात राहिला. या लुगड्यावर चोळी शिवायची ती खणाची, आणि तिचा रंग बहुधा काठाशी नाते सांगणारा किंवा अंगाच्या अगदी उलट. अंगाच्याच रंगाची तंतोतंत जुळणारी चोळी, म्हणजे आजचे ‘मॅचिंग’, ही तुलनेने अलीकडची आणि काहीशी आळशी कल्पना आहे.

रंगांची नावे पाहावीत. मोरपंखी, गुलबक्षी, अबोली, चिंतामणी, डाळिंबी, केतकी, आमसुली, शेवाळी, मोतिया, राखी. ही नावे बागेतून आणि स्वयंपाकघरातून आली आहेत. नाव उच्चारताच छटा डोळ्यांसमोर उभी राहते. आजच्या मुलाला ‘पर्पल’ आणि ‘पिंक’ एवढ्या दोन खणांत जांभळी, अंजिरी, गुलबक्षी, राणी सगळे कोंबावे लागते. शब्द गेला की छटा दिसेनाशी होते. शिवाय दुकानातील पाश्चात्त्य छापाचे फिकट रंग ज्या वर्णासाठी आणि ज्या मंद उन्हासाठी ठरले, तो वर्ण आणि ते ऊन आपले नव्हे. गव्हाळ आणि सावळ्या कांतीवर, दख्खनच्या लख्ख उन्हात गडद रंग उठून दिसतात. ‘मी सावळी, मला गडद शोभत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीला तिच्या आजीचे हिरवे इरकल खांद्यावर टाकून आरशासमोर उभे करावे, म्हणजे वाद मिटतो.

नवरात्रीच्या नऊ रंगांची टूम ही याच्याशी गल्लत करण्याची गोष्ट नव्हे. वृत्तपत्रांनी गेल्या दोन-अडीच दशकांत रुजवलेल्या या प्रथेला शास्त्राधार नाही. एका रंगात आलेल्या कार्यालयातील स्त्रियांना एकत्र आल्याचा आनंद मिळतो, तो नाकारण्याचे कारण नाही. पण नऊ दिवसांसाठी नऊ साड्यांची खरेदी होऊ लागली, की देवीपेक्षा दुकानदार अधिक प्रसन्न होतो.

रंगाहूनही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे माप. ठेंगण्या स्त्रीने हातभर रुंद काठाची साडी नेसली, तर काठ तिची उंची खातो. तिला दोन बोटांचा काठ शोभतो. पुरुषांचे तसेच. सदरा विजारीबाहेर सोडायचा तर तो कमरेच्या हाडाशी संपावा. मांडीच्या मध्यावर लोंबणारा सदरा उंच माणसालाही बुटका करतो. झब्ब्यावरची बंडी झब्ब्याहून बरीच आखूड असली पाहिजे. दोन्हींची लांबी जवळजवळ सारखी झाली तर माणूस खोळीत घातल्यासारखा दिसतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसावी. एवढे चार नियम पाळले तरी तीनशे रुपयांचा सदरा तीन हजारांच्या सदऱ्याशेजारी खुशाल उभा राहतो. तयार कपड्यांच्या बाजाराने माणसाला छोटा, मध्यम, मोठा अशा खोक्यांत बसवले आहे, आणि न बसणारी माणसे स्वतःच्या शरीरालाच दोष देतात. नाक्यावरचा शिंपी हा त्यावर साधा उपाय आहे. बाही दोन बोटे आखूड करणे, विजारीची दुमड आत घेणे, कमरेला चिमटी घालणे ही त्याची तासाभराची कामे. रहाटणी-काळेवाडीच्या गल्ल्यांत असे कारागीर अजून बसतात. त्यांच्याकडे फक्त चेन बदलायला जाणे हा त्यांच्या हुन्नराचा अपमान आहे.

कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ज्या चित्रपटाच्या नायकाच्या अंगावर बव्हंशी पंचा आणि खादी आहे, त्याच्या वेशभूषेला जगातील सर्वांत झगमगती बाहुली मिळावी, यातच सारे आले. साध्या कापडाची घडी कशी पडते, चूण कुठे येते, याचा अभ्यास करावा लागतो. गबाळेपणाला मात्र कसलाच अभ्यास लागत नाही.

परंपरेची गोष्ट निघाली की एक आक्षेप हमखास येतो: नऊवारी नेसून हिंजवडीच्या बसमध्ये चढायचे काय? त्याचे उत्तर आनंदीबाई जोशी यांनी कधीच देऊन ठेवले आहे. वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधल्या, केलेल्या जाहीर भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच राहू असे त्यांनी निक्षून सांगितले होते. पण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारी पातळाने पोटऱ्या उघड्या पडतात, हे लक्षात येताच त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. नेसण बदलली, साडी सुटली नाही. जपान आणि सीरियातून आलेल्या सहाध्यायिनींबरोबरचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिघी आपापल्या देशीच्या वेशात ताठ बसलेल्या दिसतात. हवामान आणि कामाप्रमाणे वस्त्र बदलणे म्हणजे शरणागती नव्हे, हे त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीला उमजले होते. आज मात्र उलटे घडते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी, नथ, फेटा, काळा चष्मा आणि बुलेट; दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच परदेशी छापाचा टी-शर्ट. वर्षातला एक दिवस संस्कृतीचा आणि उरलेले सारे उसने, ही वाटणी मान्य करायची का, हा खरा प्रश्न आहे.

एकावर एक वस्त्र घेण्याची रीत पाहायची तर आषाढाच्या तोंडावर आकुर्डीला जावे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. धोतर, बंडी, त्यावर सदरा, खांद्यावर उपरणे, पाठीशी घोंगडी. उपरणे उन्हात डोक्यावर जाते, घामाला पंचा होते, देवळात पुन्हा खांद्यावर येते. घोंगडी पावसाला छत आणि रात्री अंथरूण. प्रत्येक थर कामाचा आहे, आणि पांढऱ्यावर काळी घोंगडी ही रंगसंगती कुणालाही शिकवता येईल अशी आहे.

या रीतीचा नवा अवतारही रहाटणीच्या सिग्नलवर रोज दिसतो. दुचाकीवरील मुली धूळ-उन्हापासून बचावासाठी चेहऱ्याभोवती जो स्कार्फ बांधतात, त्यावर बाहेरगावची माणसे हसतात. पण नीट पाहिले तर या शहरातील सर्वांत चांगली रंगदृष्टी त्या स्कार्फांतच आहे. राखी कुडत्यावर केतकी स्कार्फ, पांढऱ्यावर बांधणीचा लाल. गरजेतून आलेले आणि कुणी न शिकवलेले हे सौंदर्य आहे. हिवाळ्यात पवनेच्या काठी सकाळी हुडहुडी भरते, दुपारी घाम येतो आणि कार्यालयातील वातानुकूलन दिवसभर गारठवते. अशा हवेला एक जाड स्वेटर उपयोगाचा नाही. सुती कुडता, त्यावर खणाचे किंवा खादीचे बिनबाह्यांचे जाकीट आणि वर एक शाल, असे तीन पातळ थर हवेत, चढवता-उतरवता येतात. पुरुषांनाही पांढरा किंवा मोतिया सदरा, राखी विजार आणि गडद बंडी एवढे पुरते.

राहता राहिला खर्च. जवळच्या पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी कष्टाने कापडाची मोठी बाजारपेठ उभी केली. तिथे अजूनही तागा उलगडून, कापड बोटांत चोळून पाहता येते. मोबाइलवरच्या स्वस्त खरेदीत ही सोय नाही. शिवाय त्या स्वस्ताईची किंमत दुसरा कुणी मोजत असतो. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणारे कामगार होते, पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणारे. दोन धुण्यांत विटणारे पाच टी-शर्ट घेण्याऐवजी त्याच पैशांत एक चांगले सुती कापड घेऊन शिवून घेतले, तर ते काही वर्षे टिकते आणि पैसा विणकर, दुकानदार, शिंपी अशा तीन घरांत जातो. खळ आणि इस्त्री घरची.

आणि ट्रंकेतले ते इरकल? त्याचे अंग विरले असेल तर जपून ठेवण्यात अर्थ नाही. पदर आणि काठ मात्र बहुधा शाबूत असतात. पदराचे जाकीट नातीला कार्यालयात घालायला होईल. शिंप्याला अस्तर मलमलचे लावायला सांगावे, नाही तर जुने रेशीम शिवणीवर फाटते. काठ एखाद्या साध्या कुडत्याच्या बाहीला लागेल, आणि उरलेल्या सुती अंगाची गोधडी शिवता येईल.