इसबगोल आणि पोटातील कारागीर

उंझ्याच्या बाजारपेठेत इसबगोलाची उलाढाल करणाऱ्या व्यापाऱ्यास मालाची प्रत आणि दर तोंडपाठ असतात. रात्री पाण्यात किंवा दुधात घेतला जाणारा त्याचा भुसा तर घरोघरी परिचित आहे. मात्र १९९९ मध्ये स्पेनमधील डॉक्टरांनी याच वनस्पतीच्या बियांना एका निराळ्या परीक्षेस बसविले, ही वार्ता फारशी कोणाच्या कानी आलेली नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तरास सूज येऊन व्रण पडतात, रक्तमिश्रित जुलाब होतात. विकार काही काळ शांत राहतो व पुन्हा उसळतो. स्पेनमध्ये विकार शांत असलेल्या १०५ रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटास रोज वीस ग्रॅम इसबगोलाचे बी, दुसऱ्यास मेसालामाइन हे नेहमीचे औषध, तिसऱ्यास दोन्ही. वर्षअखेर उपचार निष्फळ ठरल्याचे प्रमाण अनुक्रमे ४०, ३५ आणि ३० टक्के निघाले. आकडे आशादायक खरे. परंतु तीस-पस्तीस जणांच्या गटात पाच टक्के म्हणजे जेमतेम दोन माणसे, हे ताळेबंद वाचणाऱ्यास सांगावयास नको.

या चाचणीतील अधिक मोलाची नोंद दुसरीच आहे. बी घेणाऱ्यांच्या मलात ब्युटिरेट या द्रव्याचे प्रमाण वाढले होते. इसबगोलाचा तंतू आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणू त्यास आंबवून ब्युटिरेट तयार करतात. अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन तेच, आणि सूज आवरण्यासही ते साहाय्य करते. म्हणजे इसबगोल हा केवळ कच्चा माल; कारागीर निराळेच. ते कारागीरच कमी झाले तर? २००८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी याच कुळातील क्रोन्स विकाराचे रुग्ण तपासले. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या आतड्यात ब्युटिरेट बनविणारा फिकॅलिबॅक्टेरियम हा जिवाणू कमी होता, त्यांच्यात विकार परतण्याचा संभव अधिक दिसला. डाळिंबाचीही हीच कथा. त्यातील तुरट द्रव्यांचे युरोलिथिनमध्ये रूपांतर करणारे जिवाणू सर्वांच्या पोटी नसतात.

जिवाणूंचे खाद्य म्हणून कांदा-लसणाची महती सांगितली जाते. ते वर्ज्य असणाऱ्या घरांनी खंत करू नये. डाळी-कडधान्यांतही असे न पचणारे अंश पुष्कळ असतात.

हळदीविषयी मात्र हिशेब नीट मांडावा. २००६ मधील जपानी चाचणीत नेहमीच्या औषधाच्या जोडीला रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन दिल्याने सहा महिन्यांत विकार उलटण्याचे प्रमाण घटले. हळदपुडीत कर्क्युमिन सुमारे तीन टक्के. दोन ग्रॅमसाठी साठ ग्रॅमहून अधिक पूड लागेल. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा विशेष लाभ आढळला नाही.

बरे वाटू लागताच गोळ्या बंद करून केवळ घरगुती उपायावर विसंबणारे रुग्ण अनेक कुटुंबांत असतात. स्पेनमधील रुग्णांचा विकार आधीच शांत होता आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, हे त्यांनी ध्यानी घ्यावे. क्रोन्समध्ये आतडे अरुंद झाले असल्यास पाण्याने फुगणारा इसबगोल तेथेच अडकू शकतो. अशा रुग्णाने तो डॉक्टरांना विचारल्यावाचून चमचाभरही घेऊ नये.