निवड केली म्हणता? मग आकडे दाखवा!

मानवतमध्ये दुकानं किती, हे नगरपरिषदेला माहीत असेल. पण क्रिकेटचे निवडकर्ते किती, हे मोजायचं तर जनगणनाच लावावी लागेल. टीम इंडियाची यादी जाहीर झाली की अर्ध्या तासात चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, मार्केट यार्डात आणि प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपापली अकरा जणांची टीम तयार असते. "याला काहून घेतलं?" "त्याला काहून काढलं?" दोन दिवस दुसरा विषय नाही.

माझी याला अजिबात हरकत नाही. उलट लोकांनी बोललंच पाहिजे, या मताचा मी आहे.

जुलै २०२४ आठवा. ऋतुराज गायकवाड झिम्बाब्वेत नाबाद ७७ आणि ४९ करून आला आणि लगेच पुढच्या श्रीलंका दौऱ्याच्या टी-२० संघात त्याचं नाव नव्हतं. आपल्याकडं लोक पेटले होते. १९ ऑगस्ट २०२५ ला आशिया कपचा संघ जाहीर झाला, त्यात श्रेयस अय्यर नव्हता. आयपीएलमध्ये ६०४ धावा काढून, पंजाबला फायनलपर्यंत नेऊन हा माणूस घरी. निवड समितीचा अध्यक्ष अजित आगरकर, तोही मुंबईचाच. त्याला पत्रकारांसमोर बसून उत्तर द्यावं लागलं. उत्तर पटो न पटो, द्यावं लागलं ना?

आता नीट बघा. आपण भांडलो ते कशाच्या जोरावर? आकड्यांच्या. नाबाद ७७, ४९, ६०४. सर्फराज खानसाठी लोक तीन-चार वर्षं भांडले, तेही रणजीच्या आकड्यांवरच. २०१९-२० च्या मोसमात ९२८ धावा, २०२१-२२ मध्ये ९८२. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला त्याला कसोटीची टोपी मिळाली आणि पहिल्याच सामन्यात त्यानं ६२ आणि नाबाद ६८ केल्या. आकडे नसते, तर सर्फराजची बाजू घेणाऱ्या माणसाला "तुझा कोण लागतो रे तो?" एवढंच ऐकावं लागलं असतं.

इथून पुढं मला जे म्हणायचंय ते काही जणांना झोंबेल. झोंबू द्या.

आपल्या तालुक्यातल्या चौदा-सोळा वर्षांच्या पोरांची निवड चाचणी होते. मानवतचं पोरगं बापाच्या मोटारसायकलवर बसून, किट मांडीवर घेऊन परभणीला जातं. नेटमध्ये त्याला मोजून काही चेंडू मिळतात. आठ-दहा दिवसांनी कुठल्या तरी ग्रुपवर यादी येते. यादीत फक्त नावं. कोणी किती धावा केल्या, किती विकेट काढल्या, कोणाला कशासाठी घेतलं, काही नाही. बापानं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पोरगं चांगलं हाय, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी पोरगं वयोगटातून बाहेर.

या यादीवर मानवतमध्ये कुठं चर्चा झालेली ऐकली का तुम्ही? कोण्या ग्रुपवर कोणी अकरा नावं टाकून भांडलं का? श्रेयस अय्यरसाठी रात्रभर जागणारा आपला माणूस शेजारच्या गल्लीतल्या पोराच्या निवडीवर एक ओळ लिहीत नाही. जी यादी आपल्या बोलण्यानं बदलण्याची शक्यता जवळपास शून्य, तिच्यावर आपण तुटून पडतो. जी चार माणसांनी ठाम विचारलं तर बदलू शकते, तिच्याबाबत मात्र आपण गप्प.

आपण कापूस पिकवणारी माणसं. सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडरनं "ओलावा जास्त हाय" म्हटलं, तर आपण मान डोलावून गाडी माघारी नेतो का? नेत नाही. "मीटर दाखवा" म्हणतो. आठ टक्क्यांच्या पुढं भाव कापला जातो, बारा टक्क्यांच्या पुढं कापूस घेतच नाहीत, हे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ आहे. नियम माहीत आहे, आकडा समोर आहे, म्हणून तो भांडू शकतो. मग क्विंटलभर कापसासाठी मीटर मागणारा बाप सोळा वर्षं वाढवलेल्या पोरासाठी मीटर का मागत नाही? कारण तिथं मीटरच ठेवलेलं नाही. आणि ते ठेवा म्हणून आपण कधी मागणीही केली नाही.

लगेच कोणी तरी म्हणेल, आपल्या भागात तसे प्लेअरच नाहीत. हे ऐकलं की डोकं फिरतं. जालन्याचा विजय झोल. २०११ साली कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१. पुढं २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कप्तान. पैठणचा अंकित बावणे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध नाबाद २५८. स्वप्नील गुगळेच्या साथीनं ५९४ धावांची अभेद्य भागीदारी. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा युवा विश्वचषक जिंकून आला. बीडचा सचिन धस, ६ फेब्रुवारी २०२४, युवा विश्वचषकाची सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ चा पाठलाग करताना ४ बाद ३२ अशी अवस्था, आणि तिथून या पोरानं ९६ काढल्या. जालना, पैठण, तुळजापूर, बीड. सगळी आपल्या आजूबाजूची गावं. माती तीच, ऊन तेच, लोडशेडिंग तेच. मग परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतच काय वांझ माती आहे?

मुंबईत काय होतं ते बघा. १९८८ साली हॅरिस शिल्डमध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. शाळेची मॅच होती ती! पण स्कोअर लिहिलेला होता, पेपरात छापून आला, लोक बोलायला लागले. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यातच नाबाद १००९ केल्या आणि जगभर बातमी झाली. तेव्हाही स्कोअरबुक होतं म्हणून जगानं विश्वास ठेवला. हेच १००९ आपल्याकडं कोणी काढले असते, तर चार दिवस गप्पा झाल्या असत्या, पाचव्या दिवशी लोक म्हणाले असते, "सोड रे, फेकतो."

आपल्याकडं टेनिस बॉलच्या स्पर्धा काय कमी होतात? अमुक चषक, तमुक चषक. पहिलं बक्षीस एवढं, दुसरं तेवढं, मंडप, माईक, पुढाऱ्यांचे फोटो लावलेलं भलंमोठं बॅनर. पुढाऱ्याचं नाव पन्नास वेळा पुकारलं जातं. पण त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त धावा कोणी काढल्या, हे महिन्यानं विचारा. कोणालाच सांगता येत नाही. ट्रॉफीचा फोटो सापडतो, स्कोअरशीट सापडत नाही.

आता दुसरी बाजूही मांडतो. निवड करणारे म्हणतात, "आकडे म्हणजे सगळं नसतं. पोराची टेक्निक, फिल्डिंग, दमसास बघावा लागतो." शंभर टक्के मान्य. उदाहरणही आपल्याच भागातलं देतो. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर रणजी खेळला रेल्वेकडून. ऑगस्ट २००२ मध्ये हेडिंग्लेच्या कसोटीत गांगुलीनं त्याला सलामीला पाठवलं. ढगाळ हवा, चेंडू हलतोय. टीममध्ये सचिन, द्रविड, सेहवाग, गांगुली असताना "हा कोण बांगर?" असंच कोणीही म्हटलं असतं. बांगर टिकून राहिला, ६८ काढल्या, द्रविडसोबत १७० धावा जोडल्या. पुढं द्रविड, सचिन आणि गांगुली, तिघांची शतकं झाली आणि भारत डावानं जिंकला. तिथं नुसत्या मोठ्या नावाकडं न बघता निवड झाली आणि ती बरोबर ठरली.

पण बांगर त्या टीमपर्यंत पोचला कसा? रेल्वेकडून वर्षानुवर्षं खेळलेले सामने कागदावर होते म्हणून. निवडणाऱ्याची नजर कामाला येते, पण आधी नाव त्याच्या समोरच्या कागदावर यावं लागतं. आणि नजरेनंच निवड केली असेल तर तेवढं एका ओळीत लिहायला काय जातं? "धावा कमी, पण यष्टिरक्षण उत्तम." "विकेट कमी, पण वेग चांगला." लिहा आणि खाली सही करा. एवढंच मागणं आहे.

आणखी एक गोष्ट. निवडीत पैसे चालतात, वशिला चालतो, अमक्याच्या पाहुण्याला घेतलं, असं गावागावात बोललं जातं. माझ्या इनबॉक्समध्येही असे मेसेज येतात. पुराव्याशिवाय मी ते छापत नाही, पुढंही छापणार नाही. पण आकडे जाहीर न केल्यानं काय होतं, ते समजून घ्या. चोरी झाली असेल तर ती सिद्ध करता येत नाही आणि झाली नसेल तर प्रामाणिक माणसालाही आपण चोर नाही हे सिद्ध करता येत नाही. स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकून पोरांना शिकवणारे कोच आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यावरही तोच शिंतोडा उडतो. स्कोअरशीट ही त्या माणसांचीसुद्धा ढाल आहे.

शेजारच्या विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली. मुंबईकडं तर ४२ विजेतेपदं. आपण ज्या महाराष्ट्राच्या संघात मोडतो, त्यानं शेवटची रणजी जिंकली १९४०-४१ साली! देश स्वतंत्र व्हायच्या आधी. त्यानंतर तीनदा फायनल गाठली, तिन्ही हरलो. याला कारणं शंभर असतील. पण गावाकडचं चांगलं पोरगं पहिल्याच पायरीवर का गळतं, हा प्रश्न त्यात आहेच आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, सहा टीम. मराठवाड्याचं नाव सांगणारी त्यात तेव्हा एक होती, छत्रपती संभाजी किंग्ज. तिथवर पोचायची शिडी आपल्या जिल्ह्याच्या चाचणीपासून सुरू होते आणि पहिल्याच पायरीवर अंधार आहे.

आणि पोरींचं तर बोलूच नका, कारण आपण बोलतच नाही. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पोरींनी नेपाळला ७८-४० नं हरवून जिंकला. कप्तान प्रियंका इंगळे, आपल्या मराठी मातीतली पोरगी. पुरुषांनीही जिंकला, कप्तान प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचाच. शाळेत खो-खो खेळला नाही असा माणूस मानवतमध्ये सापडणार नाही. पण त्या टीममध्ये कोणाला घ्यायला पाहिजे होतं, यावर एकाही टपरीवर वाद झाला नाही. टीव्ही ज्यावर भांडायला सांगतो, त्यावरच भांडायचं असं ठरलंय का आपलं?

तर मागण्या साध्या आहेत. यासाठी ना निधी लागतो, ना मंत्र्याची सही.

१. तालुका आणि जिल्ह्याच्या प्रत्येक निवड चाचणीत किमान दोन पूर्ण सामने खेळवा आणि त्यांचे स्कोअरशीट यादीबरोबरच जाहीर करा.

२. यादीत प्रत्येक नावापुढं निवडीचं कारण एका ओळीत लिहा. खाली निवड करणाऱ्यांची नावं आणि सह्या.

३. निवड करणाऱ्याचा मुलगा, पुतण्या किंवा अकॅडमीतला विद्यार्थी चाचणीत असेल तर ते आधीच सांगा आणि त्याच्यापुरतं त्या माणसानं बाजूला बसावं.

४. ज्या चषकाचं बॅनर लागेल, त्या चषकाचा स्कोअर मोबाइलवर ठेवा. फुकटात अ‍ॅप मिळतात. माईकवर बोलायला माणूस मिळतो, तर स्कोअर लिहायलाही मिळेल.

५. हे चारही नियम पोरींच्या चाचण्यांना आणि कबड्डी, खो-खोलाही तसेच लागू करा.

मित्रहो, टीम इंडियावर बोला, खुशाल बोला. पण पुढची जिल्ह्याची यादी ग्रुपवर आली की नुसता अंगठा दाखवून पुढं जाऊ नका. खाली दोनच शब्द लिहा: "स्कोअरशीट कुठंय?" एकानं लिहिलं तर त्याला ग्रुपमधून काढतील. पन्नास जणांनी लिहिलं तर उत्तर द्यावं लागेल.

शाळेचे, क्लबचे, गल्लीतल्या स्पर्धेचे पूर्ण स्कोअरशीट मला पाठवा. सामना कुठं, कधी, कोणाविरुद्ध झाला आणि स्कोअर कोणी लिहिला, हे त्यावर असलं पाहिजे. पडताळून दर रविवारी याच पानावर टाकीन. पोरगा असो की पोरगी, कोणत्या गल्लीचा, कोणत्या जातीचा, कोणाचा पाहुणा, हे मी विचारणार नाही. धावा किती आणि विकेट किती, एवढंच विचारीन.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये भांडा. फक्त भांडताना आकडे घेऊन या.