कफ सिरपची तपासणी: यंत्र वेगवान, पण यंत्रणा?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये ‘कोल्ड्रिफ’ हे कफ सिरप घेतलेली २०हून अधिक मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यातली बहुतेक मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातली होती आणि अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला या सिरपच्या एसआर-१३ बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का.

तेव्हापासून जालन्यातले पालकही विचारतात, “डॉक्टर, बाटली बघून कळत नाही का?” नाही कळत. हे रसायन रंगहीन आणि चवीला गोडसर असते. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते. त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली.

भेसळ कशी पकडतात?

सिरपमध्ये औषध, साखर, रंग आणि औषध विरघळवणारा द्रव असे सगळे एकत्र असते. ते वेगळे करण्याच्या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. नमुना वायूच्या किंवा द्रवाच्या प्रवाहाबरोबर एका बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक आतल्या थराला कमी-जास्त चिकटतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो. डायइथिलिन ग्लायकॉलसाठी मुख्यतः वायूवर चालणारी पद्धत वापरतात.

नव्या तंत्रात काय आहे?

द्रवावर चालणाऱ्या पद्धतीत एक अडचण असते. घटक नीट वेगळे व्हावेत म्हणून नळीत बारीक कण भरले, की द्रव ढकलायला फार दाब लागतो. यावर एक उपाय कार्बन डायऑक्साइडचा आहे. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पटींहून जास्त दाबाखाली तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही. तो पातळ असल्याने सहज वाहतो आणि तपासणी लवकर होते. रासायनिक द्रावणेही कमी लागतात.

मात्र पाण्यात विरघळणारे पदार्थ त्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या सुसान ओलेसिक यांनी दुसरी वाट धरली. नेहमीच्याच द्रवात कार्बन डायऑक्साइड मिसळून त्यांनी तो पातळ केला. द्रवाची विरघळवण्याची ताकद बरीचशी टिकते आणि वेगही वाढतो.

मग प्रश्न सुटला का?

नाही. हे विष ओळखायला जुनी पद्धतही पुरेशी आहे. तामिळनाडूत नमुना घेतल्यावर साधारण एका दिवसात निष्कर्ष हाती आला. उशीर होतो तो नमुना उचलण्यात, तो प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्यात आणि अहवालानंतर दुकानातला साठा परत घेण्यात. भोकरदन किंवा मंठ्याच्या दुकानातली बाटली तपासली जाईपर्यंत तिच्या बॅचमधल्या इतर बाटल्या घराघरांत गेलेल्या असतात.

म्हणून खरी तपासणी कारखान्यात, कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची व्हायला हवी. नियम आधीपासून आहेत. घटनेनंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी कच्चा माल आणि तयार औषध दोन्ही तपासूनच बाजारात सोडण्याची पुन्हा ताकीद दिली. ती पाळली जाते का, हे पाहणारे निरीक्षक आणि प्रयोगशाळा पुरेशा नसतील, तर वेगवान यंत्राचा उपयोग मर्यादितच राहील.

तुम्ही काय कराल?

- दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याचे सिरप देऊ नका. पाच वर्षांखालीही ते सहसा लागत नाही. बहुतेक खोकला आपोआप बरा होतो.
- मोठ्या भावंडाचे उरलेले सिरप धाकट्याला देऊ नका.
- औषधाचे बिल घ्या. बाटली आणि तिच्यावरचा बॅच क्रमांक औषध संपेपर्यंत जपा.
- सिरप दिल्यानंतर उलट्या झाल्या, लघवी कमी किंवा बंद झाली, मूल सुस्त पडले, तर थांबू नका. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.
- औषधाबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

तुमच्या हातातली बाटली आणि तिचा बॅच क्रमांक मिळाला, तर डॉक्टरांना आणि तपास करणाऱ्यांना दिशा लवकर सापडते. त्यामुळे दुसरे मूलही वाचू शकते.